छोट्या गावातल्या कार्यालयाचे नेटवर्क : जोडणी आणि बिघाडाचा शोध

कार्यालयातले संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि बाहेरून आलेली इंटरनेटची लाइन यांना एकत्र जोडणारी व्यवस्था म्हणजे लोकल एरिया नेटवर्क, रोजच्या बोलण्यातले लॅन. धाराशिव जिल्ह्यात लातूर–बार्शी रस्त्यावर वसलेले ढोकी हे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याचे गाव. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, बँक, सोसायटी, शाळा, सेवा केंद्र अशी कार्यालये जिथे असतात, अशा गावात लॅन ही आता चैन राहिलेली नाही. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि ठरावीक दाखले ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक झाले. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. या सगळ्याचा अर्थ असा की खिडकीसमोरच्या माणसाचे काम आता कारकुनाच्या लेखणीइतकेच एका केबलवरही अवलंबून असते. पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना ‘नेट गेलंय, उद्या या’ असे ऐकावे लागले, तर शेतकऱ्याचा दिवस आणि भाडे दोन्ही वाया जाते.

शहरात बिघाड झाला तर तासाभरात माणूस येतो. ढोकीसारख्या ठिकाणी जाणकार कारागीर बहुधा धाराशिव, लातूर किंवा बार्शीहून बोलवावा लागतो आणि तो त्याच्या सवडीने येतो. म्हणून इथले नेटवर्क वेगवान असण्यापेक्षा सरळ असणे महत्त्वाचे. कार्यालयातल्या कोणालाही फोनवर ‘कोणता दिवा लागलाय, कोणती वायर कुठे जाते’ एवढे विचारून बिघाड सापडावा, अशी जोडणी हवी. पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी हीच एक अपेक्षा आहे.

सुरुवात संगणकापासून न करता विजेपासून करावी. ग्रामीण भागात नेटवर्कची उपकरणे जळतात किंवा विनाकारण अडकून बसतात ती बहुतांशी विजेमुळे. लाइट जाते, येताना दाब उसळी मारतो, पुन्हा जाते; या तीन-चार झटक्यांत राउटरचा अॅडॉप्टर जातो. मराठवाड्यात वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट मोठा असतो, तेव्हा तर धोका दुप्पट. या सगळ्यावरचा पहिला उपाय म्हणजे चांगले अर्थिंग, आणि नेमके तेच दुर्लक्षिले जाते. काळ्या जमिनीचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. ओल असताना ही माती वीज उत्तम वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात, ती आकसते, अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि पावसाळ्यात ठणठणीत असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत नावापुरते उरते. वळवाच्या विजा पडतात त्या नेमक्या याच दिवसांत. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून त्याची मोजणी करून घ्यावी. अर्थिंग कसे असावे याचे भारतीय मानक, आयएस ३०४३, वायरमनला ठाऊक असते. ढोबळ अंदाजासाठी तो प्लगातील न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मल्टिमीटरने पाहतो. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक. दहा-वीस दिसू लागला तर वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये काहीतरी बिघडलेले आहे. ही तपासणी कर्मचाऱ्यांनी स्वतः करू नये.

यूपीएसबाबत एक चूक सर्रास आढळते. संगणकाला यूपीएस असते, पण राउटर, स्विच आणि फायबरचा डबा भिंतीवरच्या साध्या बोर्डाला लावलेले असतात. लाइट गेली की संगणक चालू राहतो आणि नेट बंद पडते. अर्धा भरलेला अर्ज तिथेच अडकतो. खरे तर ही तिन्ही उपकरणे मिळून जेमतेम पंधरा-वीस वॅट घेतात. ६०० व्हीएची जी यूपीएस एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटे पुरते, तीच फक्त या तिघांना दिली तर बॅटरी चांगली असताना दीड-दोन तास निघतात. यूपीएस एकच असेल तर तिच्यावर पहिला हक्क नेटवर्कचा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. शाई कागदावर पक्की करण्यासाठी त्याचा रूळ तापतो तेव्हा तो क्षणभर हजार वॅटच्या आसपास भार ओढतो, यूपीएस ट्रिप होते आणि तिच्यावरचे बाकी सगळे एकदम बंद पडते.

इंटरनेटची लाइन आता बहुतेक ठिकाणी फायबरने येते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिचेच पुढे भारतनेट असे नामकरण झाले आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. खासगी कंपन्यांच्या लाइनीही खांबांवरून गावागावांत पोहोचल्या आहेत. फायबरमधून वीज न जाता प्रकाश जातो, त्यामुळे तारेतून वीज आत शिरण्याचा धोका तांब्याच्या जुन्या टेलिफोन लाइनपेक्षा पुष्कळ कमी. मात्र खांबावरून येणाऱ्या फायबरसोबत आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. ती बाहेरच हुकाला बांधून तोडावी. उपकरणापर्यंत ओढत आणू नये. फायबरला काटकोनात वाकवू नये, खिळ्याने दाबू नये, सुतळीने करकचून बांधू नये. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण दिले की प्रकाश काचेतून बाहेर झिरपतो आणि लाइन कधी चालू तर कधी बंद असा खेळ सुरू होतो. सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहणे धोक्याचे आहे. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता केबल. कार्यालयाच्या आतली जोडणी शक्यतो केबलनेच करावी. वाय-फाय मोबाइलसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवावे. साध्या कार्यालयाला कॅट-५ई पुरते, पण नव्याने टाकायचीच असेल तर कॅट-६ टाकावी, कारण केबल दहा-पंधरा वर्षे भिंतीत राहते आणि मजुरी तेवढीच लागते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर: त्यात ९० मीटर भिंतीतली आणि उरलेली दोन्ही टोकांच्या सुट्या तुकड्यांची. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार चाकूने खरवडली की आतला पांढरेपणा दिसतो आणि तांब्याच्या पेटीपेक्षा अशी पेटी हातात हलकी लागते. ही तार ठिसूळ असते, कनेक्टरच्या दाताखाली काही महिन्यांत सैल पडते आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना ती लवकर दगा देते. पैसे वाचवायचेच असतील तर राउटरवर वाचवावेत, केबलवर नव्हे. राउटर दोन वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली केबल नाही.

कनेक्टर लावताना आठ तारांचा क्रम ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की हा क्रम डावीकडून उजवीकडे वाचायचा. यात हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकलेली दिसते आणि नवख्या कारागिराला ती चूक वाटते. तो चारही जोड्या शेजारी-शेजारी लावतो, दोन्ही टोकांना सारखेच लावतो आणि स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. केबल मात्र नीट चालत नाही. कारण असे: केबलमधली प्रत्येक जोडी पिळलेली असते ती एका जोडीच्या विजेचा त्रास शेजारच्या जोडीला होऊ नये म्हणून. उपकरण तिसऱ्या आणि सहाव्या जागेला एक जोडी धरून चालते. तिथे दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एक-एक तार आली की पिळाचा फायदाच नाहीसा होतो. चार मीटरच्या तुकड्यावर असे काम खपून जाते, तीस मीटरवर माहितीची पाकिटे गळू लागतात. टेस्टर सगळे ठीक दाखवतो आणि नेट रडत चालते, तेव्हा दोन्ही टोकांचे रंग डोळ्यांनी पाहणे हाच उपाय. पीळ उकलायचा तोही तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि केबलचे बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते.

लॅनची केबल आणि लाइटची वायर एकाच पट्टीतून नेऊ नये. दोहोंत वीतभर तरी अंतर असावे; एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. पंख्याच्या रेग्युलेटरला, ट्यूबच्या चोकला आणि बोअरच्या स्टार्टरला खेटून केबल जाऊ देऊ नये. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, उदाहरणार्थ शाळेचे कार्यालय आणि मैदानापलीकडची संगणक खोली किंवा कारखान्याचा वजनकाटा आणि मुख्य कार्यालय, तांब्याची केबल उघड्यावरून टाकणे म्हणजे विजेला वाट करून देणे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि जवळपास वीज पडली की त्या दोहोंमधला दाबाचा फरक याच केबलमधून वाट काढतो. तिथे फायबर टाकावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. खर्च थोडा वाढतो, पण एका वादळात दोन्हीकडचे स्विच आणि संगणक जाण्यापेक्षा तो कमीच ठरतो.

स्विच आणि राउटर कुठे ठेवायचे याचा विचार उन्हाळ्यावरून करावा. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत पत्र्याच्या छताखाली किंवा बंद लोखंडी कपाटात ठेवलेली उपकरणे तापून अडकतात आणि दुपारी बंद, संध्याकाळी चालू असा बिघाड दिसतो. जाळीचा डबा, भिंतीवर खांद्याच्या उंचीला, खिडकीच्या उन्हापासून दूर, ही योग्य जागा. पाली आणि मुंग्या उबेला येतात, उंदीर केबल कुरतडतात. डब्याची न वापरलेली भोके बुजवावीत. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहावा आणि डब्याच्या दारावर आतून एक कागद चिकटवावा: एक नंबर लेखापाल, दोन नंबर प्रिंटर, तीन नंबर कॅमेऱ्याचा डीव्हीआर. हा कागद दहा मिनिटांत तयार होतो. फोनवरून बिघाड शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो. कार्यालयाच्या आत वापरायचे पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये राखून ठेवले गेले आणि त्यांतलेच १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरच्या राउटरमध्ये दिसतात. संगणकांना पत्ता राउटर आपोआप देतो. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. प्रिंटर, डीव्हीआर आणि सामाईक फाइली असलेला संगणक यांचे पत्ते मात्र कायमचे असावेत. सोपी वाटणी अशी: राउटर १९२.१६८.१.१, कायमचे पत्ते २ ते ९९ मध्ये, आणि राउटरने वाटायचे पत्ते १०० ते २०० मध्ये. ही हद्द आखली नाही की हमखास घडणारा बिघाड पुढीलप्रमाणे. प्रिंटरला हाताने १०५ दिलेला असतो. एक दिवस प्रिंटर बंद असताना राउटर तोच १०५ कोणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. प्रिंटर चालू झाला की दोघे एकाच पत्त्यावर आणि प्रिंट कधी निघते, कधी नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रिंटरची केबल काढून ठेवावी आणि त्याच पत्त्याला पिंग द्यावे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवावा. तरीही उत्तर आले तर त्या पत्त्यावर दुसरेच कोणीतरी बसलेले आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार जादा राउटरचा. रेंज वाढावी म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचला लावतो. तोही पत्ते वाटू लागतो आणि काही संगणक त्याच्याकडून पत्ता घेऊन भलत्याच दाराशी जाऊन थांबतात. निम्म्या कार्यालयात नेट चालते, निम्म्यात नाही, आणि संगणक बंद-चालू केला की पीडित बदलतात. जुना राउटर वापरायचाच असेल तर आधी त्याची डीएचसीपी बंद करावी, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्यावा आणि केबल त्याच्या वॅन लिहिलेल्या भोकात न लावता लॅनच्या भोकात लावावी. मग तो फक्त वाय-फाय पसरवतो.

वाय-फायच्या बाबतीत या भागातली बांधकामे लक्षात घ्यावी लागतात. माळवदाच्या जुन्या घरांच्या दोन-दोन हात रुंद माती-दगडाच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वाय-फायची लहर त्यांतून पार होताना पुरती क्षीण होते. पत्र्याचे छत आणि पत्र्याची कपाटे लहरी उलट फिरवतात. अशा इमारतीत महागडा राउटर घेऊन उपयोग होत नाही. केबलने पुढच्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट न्यावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. बाजारपेठेत शेजारच्या दुकानांचे पाच-सहा राउटर एकाच चॅनलवर असतात. मोबाइलवरच्या वाय-फाय अॅनालायझर अॅपने मोकळा चॅनल पाहून तोच पक्का करावा. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झ उत्तम, पण तो भिंतीपलीकडे फारसा जात नाही. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढचीच ठेवावी, राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे करावे. कार्यालयाच्या मुख्य वाय-फायवर बाहेरचा मोबाइल घेतला की तो प्रिंटर आणि सामाईक फाइली यांच्या शेजारी येऊन बसतो.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका संगणकावर ठेवून बाकीच्यांनी तो उघडण्याची पद्धत छोट्या संस्थांत सर्वत्र आहे. असे संगणक वाय-फायवर ठेवू नयेत. नोंद लिहिली जात असताना जोडणी क्षणभर जरी तुटली तरी डेटाची फाइल बिघडू शकते. सामाईक फोल्डर ‘सर्वांसाठी खुला’ ठेवण्याची सवयही मोडायला हवी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या याच फाइल-वाटपाच्या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून, आणि ते बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच उपलब्ध झालेला होता. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहेत, हे लक्षात घेऊन जुन्या संगणकांचा निर्णय घ्यावा. रोजच्या डेटाची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर असावी जी काम झाले की काढून कपाटात ठेवली जाते. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तडाख्यातून वाचत नाही. सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. छोट्या पतसंस्थेनेही ते माहीत करून घ्यावेत.

जोडणी कितीही नेटकी असली तरी बिघाड होणारच. तो शोधताना पहिला प्रश्न एकच: हे एकाच संगणकावर आहे की सगळ्यांवर? एकावर असेल तर तो संगणक, त्याची केबल किंवा त्याचे स्विचमधले भोक यांपलीकडे पाहण्याची गरज नाही. सगळ्यांवर असेल तर संगणकांना हात न लावता थेट स्विच, राउटर आणि लाइन यांच्याकडे जावे. दुसरा प्रश्न: कालपासून काय बदलले? रंगकाम झाले, टेबल सरकले, नवा कॅमेरा बसला, कोणी केबल काढून पुन्हा लावली. बहुतेक बिघाडांचे उत्तर याच प्रश्नात असते.

मग खालून वर चढत जायचे. आधी दिवे. संगणकाच्या मागे, केबल शिरते तिथे छोटा दिवा असतो. तो विझलेला असेल तर आयपी, पासवर्ड, सॉफ्टवेअर यांतले काहीही पाहू नये. चालू असलेल्या शेजाऱ्याची केबल काढून इथे लावून पाहावी, मग स्विचमधले भोक बदलून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा लागतो पण काम संथ चालते, तेव्हा विंडोजमध्ये जोडणीचा वेग पाहावा. एक जीबीपीएस अपेक्षित असताना १०० एमबीपीएस दिसला तर संशय निळ्या किंवा तपकिरी जोडीवर घ्यावा. शंभराच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, हजाराच्या वेगाला चारही. एक तार तुटली की उपकरणे तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात.

स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि कोणाचेच काही चालत नसेल, तर केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये किंवा दोन स्विचमध्ये दुहेरी लागलेली असण्याची शक्यता मोठी. संदेश त्या वर्तुळात अखंड फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत इतरांची वाट अडवतो. असे वर्तुळ आपोआप तोडणारी पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली आणि मोठ्या स्विचमध्ये ती असते. छोट्या कार्यालयातल्या साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. तिथे एकेक केबल काढत जावी. जी केबल काढल्यावर दिवे शांत होतात तीच दोषी.

दिवे ठीक असतील तर पुढची पायरी पत्त्याची. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहिले की संगणकाला मिळालेला पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धरला, असा त्याचा अर्थ. दोष संगणक आणि राउटर यांच्यामध्ये आहे, बाहेरच्या लाइनीत नाही. पत्ता १९२.१६८.० असा वेगळ्याच मालिकेतला दिसला तर कुठेतरी जादा राउटर बसलेला आहे.

पत्ता बरोबर असेल तर पिंग. माइक म्यूस या अमेरिकन अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेले हे छोटे साधन आजही प्रत्येक संगणकात आहे आणि बिघाड शोधण्यासाठी याहून कामाचे दुसरे काही नाही. आधी राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग द्यावे. केबलवरून उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवे. मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर केबल किंवा कनेक्टर सैल आहे. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या एका पत्त्याला. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर दोष राउटरपलीकडे, लाइनीत. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकडा चालतो आणि नाव चालत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा बंद पडली आहे. राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ही डीएनएस घातली की काम बहुधा सुरू होते.

या तिन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही शासकीय पोर्टल उघडत नसेल, तेव्हाच ‘सर्व्हर डाऊन’ म्हणावे. खात्रीसाठी मोबाइलचे वाय-फाय बंद करून, सिमच्या नेटवरून तेच पोर्टल उघडून पाहावे. तिथेही उघडत नसेल तर दोष कार्यालयाचा नाही आणि खिडकीतल्या माणसाला तसे स्पष्ट सांगता येते. मोबाइलवर उघडते आणि एकाच संगणकावर ‘ही साइट सुरक्षित नाही’ असे येते, तेव्हा त्या संगणकाचे घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षा प्रमाणपत्रे त्या तारखेला अजून सुरूच झालेली नसतात आणि डिजिटल स्वाक्षरीही अडते. ब्राउझर बदलण्यात आणि विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवण्याऐवजी ती छोटी बॅटरी बदलावी.

लाइनीचाच दोष असेल तर फायबरच्या डब्यावरचा एलओएस दिवा पाहावा. तो लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही: फायबर तुटली, वाकली किंवा पलीकडे लाइट गेली. डब्याच्या सेटिंगमध्ये मिळणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम हा नेहमीचा, उणे २७ च्या खाली गेला की लाइन अडखळते. चांगल्या दिवशी हा आकडा वहीत लिहून ठेवलेला असेल तर तुलना लगेच होते. दिवा लाल नसूनही नेट नसेल तर डबा आणि राउटर बंद करून दोन मिनिटांनी आधी डबा आणि तो स्थिरावल्यावर राउटर चालू करावा. मागच्या बारीक भोकातले रीसेटचे बटण मात्र टाचणीने दाबू नये. त्याने कंपनीने दिलेले यूजरनेम-पासवर्ड पुसले जातात आणि चालू होऊ शकली असती ती लाइन माणूस येईपर्यंत पूर्ण बंद होते. हे यूजरनेम-पासवर्ड, लाइनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन आणि राउटरचा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कुलपात ठेवावी. बँकेच्या शाखेतली किंवा शासकीय खात्याने बसवलेली उपकरणे ज्या-त्या यंत्रणेच्या अखत्यारीतली असतात; त्यांचे दिवे पाहून कळवावे, केबल हलवू नये.

लाइन दुरुस्त होईपर्यंत काम थांबू नये म्हणून सिमकार्डाचा एक राउटर तयार ठेवावा, आणि सिम लाइनीच्या कंपनीहून वेगळ्या कंपनीचे घ्यावे. खिडकीजवळ, टॉवरच्या दिशेला, तो कुठे ठेवल्यावर रेंज पुरते हे आधीच पाहून त्या जागेवर खूण करावी. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता एलओएसचा रंग, प्रकाशाचा आकडा, राउटरला आणि ८.८.८.८ ला दिलेल्या पिंगचे निकाल आणि बिघाड सुरू झाल्याची वेळ सांगावी. डब्याच्या दिव्यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवावा. एवढे हाती आले की कारागीर धाराशिवहून निघतानाच योग्य सामान सोबत घेतो: फायबर जोडायचे यंत्र की नुसता अॅडॉप्टर.